पताका कोणाला द्यावी?

वयात येणाऱ्या मुलांच्या घरच्या आणि समाजातल्या प्रश्नांवर बेतलेल्या मालिकांना मिळणारे पुरस्कार हा एरवी करमणुकीच्या धंद्यातला सोहळा समजला जातो. पण त्यामागे एक जुना नीतिप्रश्न आहे. दहावीच्या निकालाची धास्ती, आईवडिलांची भांडणे, शरीरात होणाऱ्या बदलांची लाज, जातीवरून मारलेला टोमणा, घरात कोणाशीच न बोलता येणारे पहिले प्रेम, ही सगळी दुःखे कोणा ना कोणा मुलाची असतात. त्यांची कथा रचणाऱ्याला मान मिळावा का, मिळालाच तर तो नेमका कशाबद्दल, तो देण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्यासाठी वापरलेली साधने शुद्ध आहेत का? म्हणजे प्रश्न चार आहेत: फळाचा, परीक्षकाचा, निकषाचा आणि साधनांचा. भारतीय विचारपरंपरेने चारही प्रश्नांचा विचार केला आहे आणि मराठी जगात त्यांची उदाहरणेही सापडतात.

या प्रश्नाची भूमी म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा पट्टा बोलका आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. त्या रुळांच्या आधाराने ही गावे पुढे नोकरदारांची शहरे झाली. सकाळच्या लोकलने आईवडील निघतात आणि रात्री परततात. मधला दिवस मुलांचा असतो, आणि तो शाळेत, क्लासमध्ये, इमारतीच्या जिन्यात आणि मोबाइलवर जातो. रात्री सगळे घर एकत्र येते ते बहुधा हॉलमध्ये आणि हॉलमध्ये टीव्ही असतो. दिवसभर जे बोलायचे राहून गेले, त्यातले काही पडद्यावरची पात्रे बोलून टाकतात. याच ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याच्या परिसरात मराठी आणि हिंदी मालिकांचे सेट उभे राहतात. त्यामुळे मालिका बनवणारे आणि पाहणारे एकाच महानगरपालिकेचे रहिवासी असू शकतात.

पडद्यावरचे किशोरवय

मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकातला 'गोट्या' पुढे दूरदर्शनवर आला आणि मराठी मुलांना आपल्या वयाचा नायक मिळाला. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या 'हम लोग' या हिंदी मालिकेने वेगळी वाट धरली. भाग संपला की अशोककुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या प्रसंगाबद्दल प्रेक्षकांशी बोलत. कथा सांगून झाल्यावर तिचा अर्थ उलगडून सांगणारा वडीलधारा माणूस कीर्तनात होता. तोच दूरचित्रवाणीवर आला. झी मराठीवरच्या 'उंच माझा झोका' या मालिकेने रमाबाई रानड्यांचे बालपण आणि शिक्षण घराघरांत नेले. २०१५ साली 'दिल दोस्ती दुनियादारी' आली, आणि २०१६ साली झी युवा वाहिनी 'फ्रेशर्स'सारख्या मालिका घेऊन सुरू झाली. या शेवटच्या दोन उदाहरणांतले तरुण कॉलेजातले किंवा त्याही पुढच्या वयाचे आहेत. आठवी ते दहावीतले मूल मराठी मालिकेत दिसते ते बहुतेकदा कोणाचा तरी मुलगा किंवा कोणाची तरी धाकटी बहीण म्हणून. कथा मोठ्यांची असते आणि मूल तिच्या कडेला उभे असते.

पुरस्कारांची रचनाही याच घडणीची आहे. वाहिन्यांच्या सोहळ्यांतले विभाग नात्यांवरून पाडलेले असतात: सासू, सून, आई, वडील, कुटुंब आणि त्यांच्या जोडीला खलनायिका. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मालिकांना जागा नाही. 'म.टा. सन्मान'मध्ये नाटक आणि चित्रपटांबरोबर मालिकांचाही विचार होतो. सामाजिक आशय हाच निकष मानणारा जवळचा सन्मान म्हणजे मुंबईच्या 'पॉप्युलेशन फर्स्ट' या संस्थेचे लाडली माध्यम पुरस्कार. लिंगभावाची जाण दाखवणाऱ्या पत्रकारितेला, जाहिरातींना आणि कार्यक्रमांना ते २००७ पासून दिले जातात. या संस्थेचे प्रत्यक्ष काम ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या गावांमध्ये चालते, हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुरस्कार देणारा हात आणि गावात राबणारा हात एकच असला की त्या पुरस्काराला वेगळे वजन येते.

एका वयाची दोन चित्रे

किशोरवयाची कथा आणि तिचा सन्मान यांचा मराठीतला ठळक इतिहास चित्रपटांत आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिच्यावर चित्रपट केला. १९५४ साली पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. स्वतंत्र भारताच्या सरकारने चित्रपटाला दिलेला पहिला सर्वोच्च मान हा एका मुलाच्या आणि त्याच्या आईच्या कथेला गेला. कल्याणच्या नाट्यगृहाला आज अत्र्यांचेच नाव आहे.

दुसरे चित्र ठाण्यात राहणाऱ्या मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीचे. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद, त्याचे मित्र आणि शिरोडकर नावाची मुलगी एवढेच तिचे जग आहे. सुजय डहाके यांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटाला ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. पुढे याच दिग्दर्शकाने 'श्यामची आई' नव्याने पडद्यावर आणली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ७१व्या पुरस्कारांत तिलाही तोच मान मिळाला. दिग्दर्शक एक आणि पुरस्काराचा विभागही एक. पण या दोन कथांमधली माणसाच्या घडणीची कल्पना पुरती वेगळी आहे.

श्यामची कथा मोठा झालेला श्याम सांगतो. आश्रमात रात्री जमलेल्या सोबत्यांपुढे तो आपले लहानपण उलगडतो, आणि प्रत्येक आठवणीच्या शेवटी आईने दिलेली शिकवण उभी असते. मूल म्हणजे ओली माती आणि संस्कार म्हणजे तिला आकार देणारा हात, असा हा विचार आहे. 'शाळा'त निवेदन मुलाच्याच तोंडी आहे आणि ते त्याच वयातले आहे. त्याला अजून कोणतीही शिकवण मिळालेली नाही. मिळाली आहे ती ओढ, भीती आणि शेवटी एक ताटातूट. इथे मूल म्हणजे आतून उमलणारा स्वभाव. मोठी माणसे त्याला समजून घेतात किंवा घेत नाहीत, पण त्याला घडवणे त्यांच्या हातात फारसे नाही. या दोहोंच्या मधली कोंडी रवी जाधव यांच्या २०१३ सालच्या 'बालक पालक'मध्ये दिसते. तिथे शरीराबद्दलच्या प्रश्नांवर पालक गप्प राहतात आणि मुले उत्तरे शोधायला भलतीकडे जातात.

एकच पुरस्कार या दोन्ही कल्पनांना मिळाला, म्हणजे परीक्षकांनी शिक्षणाचा एखादा सिद्धान्त मान्य केला असे ठरत नाही. या वयाचे जगणे पूर्ण वाढलेल्या माणसाच्या जगण्याइतकेच गंभीर आहे, एवढी गोष्ट मात्र त्यांनी मान्य केली. किशोरवयाच्या कथेला मिळणाऱ्या कोणत्याही मानाचा हा किमान अर्थ होय.

फळाचा प्रश्न

पहिला आक्षेप असा: इतरांच्या दुःखाची कथा लोकांना शहाणे करण्यासाठी सांगितली असेल, तर सांगणाऱ्याने बक्षिसाची अपेक्षा धरावी का? या आक्षेपाचे मराठीतले मूळ शोधताना पुन्हा साने गुरुजींपाशीच यावे लागते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती शब्दशः टिपून घेणारे सहकैदी साने गुरुजी होते. पुढच्याच वर्षी त्यांनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ज्या हाताने फलत्यागाचा विचार उतरवून घेतला, त्याच हाताने पुढे सुवर्णपदक मिळवणारी कथा लिहिली. पदक मिळाले तेव्हा गुरुजी हयात नव्हते. १९५० साली त्यांचे निधन झाले होते.

त्या प्रवचनांत विनोबांनी फलत्यागाचा अर्थ काम सैल करणे असा घेतलेला नाही. फळावर डोळा ठेवणाऱ्याचे चित्त दुभंगते, अर्धे कामात आणि अर्धे मोबदल्यात. फळ सोडणाऱ्याचे सगळे चित्त कामात असते, म्हणून त्याचे काम अधिक चांगले होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मालिकेच्या लेखनाला तो नेमका लागू पडतो. वरच्या क्रमांकाकडे किंवा पुरस्काराच्या बाहुलीकडे डोळा ठेवून लिहिलेल्या प्रसंगात मुलाचे रडणे लांबते, पार्श्वसंगीत चढते आणि जे घडायला हवे ते निकाल देणाऱ्याला दिसेल अशा जागी घडते. चित्त दुभंगल्याची ही दृश्य खूण आहे.

कीर्तनपरंपरेने हाच विचार व्यवहारात उतरवला. कीर्तनाचे मोल घेऊ नये, ज्या गावी कीर्तन करावे तिथे अन्नसुद्धा घेऊ नये, असा कडक दंडक तुकारामांच्या अभंगात आहे. ज्याने श्रोत्यांचे डोळे उघडायचे, त्याचे पोट श्रोत्यांवर अवलंबून असले तर त्यांना न आवडणारी गोष्ट त्याच्या तोंडून निघणे अवघड होते, हे त्यामागचे कारण. दूरचित्रवाणीचा लेखक मात्र मानधनावर जगतो आणि वाहिनी जाहिरातींवर. त्याच्याकडून कीर्तनकाराच्या व्रताची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय काव्यशास्त्राची परंपरा फळाला इतकी परकी नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची प्रयोजने सांगताना यशाला पहिली जागा दिली आणि द्रव्यलाभ दुसरा ठेवला. त्याच यादीत त्याने व्यवहाराचे ज्ञान, अमंगळाचा नाश, तत्काळ मिळणारा परमानंद आणि प्रियेने समजवावे तसा गोड उपदेशही घातला. उपदेशाचे तीन प्रकार काव्यशास्त्र सांगते: वेद मालकासारखा आज्ञा करतो, पुराणे मित्रासारखी समजावतात आणि काव्य प्रियेसारखे मन वळवते. किशोरवयाच्या मालिकेचे स्थान यांत मित्राचे दिसते. नववीतल्या मुलाला मालकाचा आवाज शाळेत आणि घरात पुरेसा ऐकू येत असतो. त्याला हवा असतो तो बरोबरीचा आवाज. मित्राला यश मिळाले म्हणून तो खोटा ठरत नाही. यशासाठीच त्याने मैत्री केली असेल, तरच ती खोटी.

म्हणून फळाच्या प्रश्नाचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते. कथा रचणाऱ्यासाठी पुरस्कार हे प्रयोजन असू नये. तो वाटेत आला तर नाकारण्याचेही कारण नाही. देणाऱ्याची गोष्ट वेगळी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा विचार येतो. श्रेष्ठ मानलेला माणूस जे करतो, ते इतर लोक प्रमाण धरतात. पुरस्कार म्हणजे कोणाला श्रेष्ठ मानायचे याची जाहीर घोषणा. तिचा परिणाम पुढच्या मालिकांवर होतो. निर्माता कोणत्या कथेवर पैसा लावील हे काही अंशी त्यावरून ठरते. त्यामुळे फलत्याग हा घेणाऱ्याचा धर्म, तर लोकसंग्रह हा देणाऱ्याचा धर्म. सोहळ्यात बहुतेकदा चर्चा होते ती घेणाऱ्याची. जबाबदारी अधिक असते ती देणाऱ्याची.

परीक्षक कोण

ॲरिस्टॉटलने मान हे जीवनाचे अंतिम ध्येय मानले नाही. मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांवर अधिक अवलंबून असतो, हे त्याचे कारण. मराठी वाहिनीच्या सोहळ्यात देणारी आणि घेणारी संस्था एकच असते: मालिका वाहिनीच्या, मतदार तिचे प्रेक्षक, मंच तिचा. याला लबाडी म्हणण्याचे कारण नाही. घरच्या कार्यात घरच्याच माणसांना श्रीफळ द्यावे, तसा तो कौटुंबिक सत्कार आहे. फक्त त्याला न्यायनिवाडा समजू नये.

न्यायनिवाड्याची सविस्तर कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी हे सांगितले आहे. गुणदोषांची नोंद ठेवून सरस प्रयोगाला पताका द्यावी, अशी व्यवस्था त्यात आहे. स्पर्धेतले अपप्रकारही भरताला ठाऊक आहेत: प्रतिस्पर्ध्यांनी आरडाओरडा करणे, शेण आणि ढेकळे फेकणे. ऑनलाइन मतांचा गठ्ठा उभा करणे हे त्याच जातीचे काम म्हणता येईल. वाद उद्भवल्यास निर्णय देणाऱ्या जाणकारांना तो 'प्राश्निक' म्हणतो. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद आणि व्याकरण जाणणारे आहेत, राजा, अस्त्रविद्येचा जाणकार, चित्रकार, गायक आणि राजसेवक आहेत. आणि वेश्याही आहे. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाच्या विषयापुरता निर्णय द्यायचा. यज्ञाच्या प्रसंगाबद्दल याज्ञिक बोलेल, शृंगाराच्या प्रसंगाबद्दल गणिका.

या यादीतले तत्त्व क्रांतिकारक आहे. समाजाने ज्या बाईला पंक्तीला बसवले नसते, तिला भरताने याज्ञिकाच्या शेजारी परीक्षकाच्या आसनावर बसवले, कारण तिच्या विषयात ती जाणती आहे. अधिकार प्रतिष्ठेतून येत नाही, जगलेल्या अनुभवातून येतो. हे तत्त्व मान्य केले तर किशोरवयाच्या मालिकेच्या परीक्षक मंडळात दहावीतल्या मुलीला आसन नाकारण्याचे कारण उरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते विचारात घेतले जाण्याचा हक्क देते. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. इटलीतल्या जिफोनी या गावी १९७१ पासून भरणाऱ्या चित्रपट महोत्सवाची ओळखच अशी आहे, की तिथले परीक्षक मुले असतात.

प्लेटोचे मत याच्या उलट आहे. 'लॉज' या संवादात तो विचारतो, की सगळ्या खेळांची एकत्र स्पर्धा लावली तर जिंकेल कोण? लहान मुले बाहुल्यांच्या खेळाला मत देतील, मोठी मुले विनोदी नाटकाला, तरुण आणि सुशिक्षित स्त्रिया शोकांतिकेला, आणि म्हातारे होमरच्या काव्याला. त्याच्या मते निवाडा म्हाताऱ्यांचाच खरा. परीक्षकाने प्रेक्षकांचा गुरू व्हावे, शिष्य होऊ नये. वयानुसार रुची बदलते ही गोष्ट नाट्यशास्त्रालाही मान्य आहे: तरुणांना शृंगार आवडतो, विरक्तांना मोक्षाच्या गोष्टी, वृद्धांना पुराणकथा. पण त्यावरून भरत एका वयाला गादीवर बसवत नाही. सगळ्यांना सामावणारे नाट्य हवे, असे म्हणतो. प्लेटोच्या म्हणण्यात मात्र एक सावधगिरी आहे आणि ती सोडून देण्याजोगी नाही. टाळ्यांची मोजणी म्हणजे निवाडा नव्हे.

मराठी रंगभूमीने दोन्ही मते एकाच रात्री सांभाळायची एक रीत शोधलेली आहे. चतुरंग प्रतिष्ठानच्या 'सवाई एकांकिका' स्पर्धेत इतर स्पर्धांतल्या विजेत्या एकांकिका उतरतात, आणि परीक्षकांच्या निकालाबरोबर प्रेक्षकांच्या पसंतीचीही वेगळी दखल घेतली जाते. दोन मते जुळली तर आनंद. नाही जुळली तर फरक सगळ्यांसमोर राहतो. मालिकांच्या पुरस्कारांत तिसरे मत आणता येईल. जाणकारांचे एक, सर्वसामान्य प्रेक्षकांचे दुसरे, आणि ज्यांच्या वयाची कथा आहे त्यांचे तिसरे.

निकष: विषय की कला

सामाजिक विषयाच्या पुरस्कारात एक सापळा असतो. विषय चांगला म्हणून कलाकृती चांगली, असा समज होतो. मग बालविवाह, व्यसन, आत्महत्या असे विषय यादीतून उचलले जातात आणि प्रत्येकाला दोन-तीन भाग दिले जातात. पाश्चात्य जगात हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने हाताळला गेला. एलवुड कीझर या कॅथलिक धर्मगुरूने १९७४ साली 'ह्युमॅनिटास' पुरस्कार सुरू केला. माणसाची प्रतिष्ठा आणि जगण्याचा अर्थ यांचा शोध घेणाऱ्या पटकथालेखकांना तो दिला जातो. एका धर्मोपदेशकाने प्रवचनाऐवजी लेखकांचा सन्मान निवडला, ही गोष्ट कीर्तनपरंपरेत वाढलेल्या वाचकाला परकी वाटू नये. अमेरिकेतल्या पीबडी पुरस्कारात परीक्षकांचे एकमत लागते. २०१० सालचा तो मान 'डिग्रासी' या कॅनडातल्या मालिकेच्या ज्या कथाभागाला मिळाला, त्याच्या मध्यभागी एक पारलिंगी विद्यार्थी होता.

विषय गंभीर असूनही मांडणी घातक ठरू शकते. २०१७ सालच्या 'थर्टीन रीझन्स व्हाय' या मालिकेत एका विद्यार्थिनीची आत्महत्या तपशिलात दाखवली होती. मालिका गाजली आणि तिच्या नायिकेला गोल्डन ग्लोबचे नामांकनही मिळाले. पण असे दृश्य कोवळ्या मनांना त्या वाटेकडे ओढू शकते, असा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या लोकांचा आक्षेप होता. शेवटी जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने ते दृश्य काढून टाकले. नामांकन आणि आक्षेप एकाच कलाकृतीच्या वाट्याला आले, यावरून पुरस्काराचा निकष विषयाच्या धाडसावर थांबू शकत नाही हे स्पष्ट होते. मम्मटाच्या यादीतले 'अमंगळाचा नाश' हे प्रयोजन इथे कसोटी म्हणून वापरता येते. कथेने दुःख दाखवले, पण त्या दुःखाला वाट दाखवली की निमंत्रण दिले?

नाट्यशास्त्र आणखी एक कसोटी देते आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. भरत सिद्धीचे दोन प्रकार करतो. मानुषी सिद्धी दिसते आणि ऐकू येते: हसू, वाहवा, हळहळ, अंगावर काटा, उठून उभे राहणे, वस्त्र किंवा अंगठी भेट देणे. दैवी सिद्धीची खूण वेगळी आहे. प्रेक्षागृह भरलेले आहे, पण आवाज नाही, चळवळ नाही, उत्पात नाही. टाळ्यांहून वरची पायरी भरताने नि:शब्दतेला दिली. आजचे सगळे पुरस्कार, सगळी मते आणि सगळे आकडे मानुषी सिद्धीच मोजतात. दैवी सिद्धी मोजण्याचे यंत्र नाही.

तरी तिची चिन्हे ओळखू येतात. २०२५ सालच्या 'अडोलसन्स' या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेत शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप तेरा वर्षांच्या मुलावर येतो. शेवटच्या भागात त्याचे आईवडील आणि बहीण यांच्यापुढे एकच प्रश्न उरतो, की आपले काय चुकले. मालिका उत्तर देत नाही. तिला सर्वोत्कृष्ट मर्यादित मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला आणि मुलाची भूमिका करणारा पंधरा वर्षांचा ओवेन कूपर अभिनयाचा एमी मिळवणारा सर्वांत लहान पुरुष कलाकार ठरला. पण त्याच्या कितीतरी महिने आधी ब्रिटनमधल्या माध्यमिक शाळांना ती विनामूल्य दाखवता येईल अशी सोय झाली होती. पालक आणि शिक्षक तिच्याबद्दल मुलांशी बोलू लागले होते. दैवी सिद्धी आधी झाली होती, पताका मागून आली. डोंबिवलीच्या एखाद्या हॉलमध्ये मालिका संपल्यावर कोणी रिमोट उचलत नाही आणि मग मुलगी काहीतरी बोलायला सुरुवात करते, तेव्हा तीच सिद्धी घडते. तिची नोंद कुठल्याही सोहळ्यात होत नाही.

साधनांची शुद्धी

शेवटचा प्रश्न साधनांचा. मुलांच्या हक्काची कथा सांगताना मुलांनाच राबवले, तर तो मान कोणाचा? साध्य चांगले असले तरी साधन शुद्ध हवे, हा गांधीविचारातला आग्रह साने गुरुजींच्या पिढीने जगून दाखवला. कायद्याने त्याला आता मोजमाप दिले आहे. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम बदलले. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कलाकार म्हणून काम करता येते, पण दिवसाला पाच तासांहून अधिक नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम देता येत नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत जमा करावा लागतो. जिथे चित्रीकरण होते, त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. घोडबंदर रस्त्यावरच्या सेटसाठी ती ठाण्यातून घ्यावी लागते.

एका वयाच्या प्रश्नांचा सन्मान करणाऱ्या पुरस्काराने या नियमांचे पालन हा पहिला निकष ठेवायला हवा. अभिनय, लेखन, दिग्दर्शन यांचे गुण त्यानंतर मोजावेत. बाल कलाकाराने रात्री अकरापर्यंत जागून दिलेल्या अश्रूंना बाहुली मिळाली, तर ती बाहुली त्या मुलाच्या झोपेची किंमत ठरते.

सन्मानाचे दुसरे रूप

पुरस्काराचे क्षेत्र कथेबाहेरही जाऊ शकते. 'उंच माझा झोका' ही मालिका संपली, पण तिच्या नावाने झी मराठीने वेगवेगळ्या क्षेत्रांत काम करणाऱ्या स्त्रियांना पुरस्कार देणे सुरू केले. रमाबाईंच्या कथेला मिळालेला लोकांचा ओढा पुढे प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायकांकडे वळवला गेला. कथेतून जगण्याकडे जाणारा हा मान लोकसंग्रहाच्या कल्पनेच्या अधिक जवळ जातो.

ठाण्यात याहूनही पुढची पायरी गाठली गेली. रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने २०१४ साली 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना उभी केली. शहरातल्या वस्त्यांमधली किशोरवयीन मुले आपल्या घरातले, गल्लीतले आणि शाळेतले प्रश्न घेऊन स्वतः नाटके रचतात आणि 'नाट्यजल्लोष'मध्ये सादर करतात. लेखक तीच, नट तीच आणि पुढ्यात बसलेले प्रेक्षकही पुष्कळदा त्यांच्याच वस्तीतले. इथे दुःखाचा मालक आणि कथेचा मालक एक होतो. म्हणून फळ कोणाचे, परीक्षक कोण आणि साधन शुद्ध आहे का, हे प्रश्न बरेचसे विरघळतात. मतकरींना २०१८ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

किशोरवयाच्या मालिकेला मान द्यायचा असेल, तर निवाडा असा होतो. रचणाऱ्याने पताकेकडे पाहून लिहू नये. देणाऱ्याने पताका देताना पुढच्या कथांची दिशा आपण ठरवत आहोत हे विसरू नये. परीक्षकांच्या रांगेत त्या वयाचे एक तरी मूल असावे. विषयाच्या धाडसाआधी त्याचा परिणाम आणि सेटवरच्या मुलाचे तास तपासावेत. यातली एकही अट भरताला नवी वाटली नसती. गणिकेला याज्ञिकाच्या शेजारी बसवणाऱ्या ग्रंथाला नववीतल्या मुलासाठी एक जागा करणे अवघड नव्हते.